चेन घासण्याचा माग: जुलै ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

गाडी १५० सीसीची. पुढचं स्प्रॉकेट (चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती) १५ दातांचं, मागचं ४३. चेन ४२८ नंबरची, १२० कड्यांची, साधी, ओ-रिंग नसलेली. वर प्लास्टिकचं अर्धं चेन कव्हर, खाली चेन उघडी. वापर चिपळूण ते पोफळी, रोज जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर, बारा महिने.

१४ जुलै, रविवार. मीटर ६१,३८४

गेले आठ-दहा दिवस गाडी आवाज करतेय. उतार लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डाव्या पायाखालून खर्र, खर्र, खर्र. अ‍ॅक्सिलरेटर दिला की बंद. शिवाय मागचं चाक खड्ड्यात गेलं की एक वेगळाच ठोका येतो, टक असा, एकदाच. हे दोन आवाज एकाच कारणाचे नसावेत असं मनात आहे, म्हणून आजपासून लिहून ठेवतोय.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा पडवीत गाडी डबल स्टँडला लावून वाकून पाहिलं. चिमट्यावर (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा सांगाडा म्हणजे स्विंगआर्म, त्याला आमच्याकडे सगळे चिमटाच म्हणतात) काळा चुरा पडला होता. पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतो तसा, बारीक आणि कुरळा. तो रबराचा किंवा प्लास्टिकचा आहे, लोखंडाचा नाही. चुंबक फिरवून खात्री केली. आणखी एक गोष्ट, संबंध असेल-नसेल: न्यूट्रलचा हिरवा दिवा गेल्या महिन्यापासून मधूनच लुकलुकतो.

परवा नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांनी उभ्या-उभ्या ऐकून विचारलं, “ढिली झालीय, ताणून देऊ का?” नको म्हटलं. त्यांचं चूक नव्हतं, चेन ढिली आहेच. पण ती ताणली की आवाज महिनाभर गप्प बसेल आणि जे काही कापलं जातंय ते कापलं जातच राहील.

मी पाण्याची नळी घेऊन गाडी धुवायला निघालो तेव्हा आबांनी थांबवलं. आबांनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. म्हणाले, “आत्ता धुऊ नको रे. घाण कुठे आहे ते बघू नको, कुठे नाही ते बघ.” नळी परत गुंडाळून ठेवली.

१६ जुलै, मंगळवार, रात्री

आज फक्त ताल मोजला. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रलला, चाक हातानं फिरवायचं. ही ओळ मुद्दाम सविस्तर लिहितोय. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरतं ठेवायचं आणि फडकं धरून चेन पुसायची, हा प्रकार मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागून बोटं स्प्रॉकेटवर जातात. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. कृपा करून कोणी असं करू नका.

चेनच्या लॉकवर (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, मागच्या स्प्रॉकेटच्या एका दातावर दुसरा. गणित सोपं आहे. चेनच्या कड्या १२०, मागचे दात ४३. म्हणजे चेनची एक पूर्ण फेरी होईपर्यंत चाकाच्या जवळजवळ पावणेतीन फेऱ्या होतात. आवाज दातावरच्या ठिपक्यासोबत येत असेल तर दोष चाकाच्या बाजूला: स्प्रॉकेट, कपलिंग (स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामधला जोड), बेअरिंग. लॉकवरच्या ठिपक्यासोबत येत असेल तर दोष चेनमध्ये: अडकलेली कडी, बाहेर आलेली क्लिप. चालत्या गाडीवरही हा फरक कानाला कळतो. ताशी ३० किलोमीटरला माझं चाक सेकंदाला चारहून थोड्या जास्त फेऱ्या मारतं आणि चेन दीडच.

निकाल: घासण्याचा बारीक आवाज दर फेरीला, दातावरचा ठिपका साधारण त्याच जागी आला की. म्हणजे चाकाकडचा. पण चेनची ढील (खालच्या बाजूच्या मधोमध, वर-खाली) मोजली तर ती २२ ते ३४ मिलिमीटर अशी बदलते, आणि हा बदल लॉकच्या ठिपक्यासोबत येतो. गाडीच्या पुस्तिकेत २० ते ३० आहे. तेव्हा चेनही एकसारखी झिजलेली नाही, तीन-चार कड्या वाकायला कुरकुरतात. दोष एक नाही, निदान दोन आहेत.

एका जाड तारेचा तुकडा चिमट्याला टेपनं बांधून त्याचं टोक स्प्रॉकेटच्या कडेला केसभर अंतरावर आणलं. चाक फिरवलं की टोक आणि स्प्रॉकेट यांतली फट कमी-जास्त होते. दीड मिलिमीटरचा डोल. यासाठी यंत्र लागत नाही, शांतपणे चाक फिरवावं लागतं.

२१ जुलै, रविवार. मीटर ६१,५९०

आजचा दिवस खुणा वाचण्याचा. गेल्या दोन दिवसांच्या पावसानं सगळ्यावर जांभ्याच्या मातीचा लाल थर बसलाय, आणि त्यामुळेच आबा काय म्हणत होते ते नीट कळलं. जिथे काहीतरी घासतंय तिथे हा थर नाही. बॅटरीच्या उजेडात चार जागा सापडल्या.

पहिली, चिमट्याच्या पुढच्या टोकाशी असलेलं चेनचं स्लायडर. हे काळं कडक रबर चेन आणि धातू यांच्यामध्ये असतं. चेन लोंबली तर तिनं चिमटा कापू नये म्हणून. त्याच्या वरच्या बाजूला खोल खाच. व्हर्नियरनं तळाशी उरलेली जाडी मोजली: १.३ मिलिमीटर. आणखी थोडे दिवस गेले असते तर चेन थेट चिमट्याच्या पत्र्यावर आली असती, आणि तो पत्रा कापला गेला की प्रश्न शंभर-दीडशे रुपयांच्या रबराचा राहत नाही.

उतारावर आवाज का येतो तेही इथेच जुळतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन चाकाला ओढतं, तेव्हा चेनची वरची बाजू ताठ आणि खालची सैल. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उलट: चाक इंजिनाला ओढतं, खालची बाजू ताठ होते आणि वरची लोंबून स्लायडरवर आपटते. तेव्हा सोडल्यावर येणारा आवाज वरच्या बाजूला शोधायचा आणि दिल्यावर येणारा खालच्या. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धा शोध वाचतो.

दुसरी खूण चेन कव्हरच्या आत, मागच्या टोकाकडे, टायरच्या बाजूच्या भिंतीवर. एक चकचकीत आडवी रेघ, बोटभर लांब. ही ताजी आहे, कडा अजून धारदार आहेत आणि नखाला लागतात.

तिसरी आणि चौथी स्प्रॉकेटच्या दातांवर, आणि ह्या मला सगळ्यात बोलक्या वाटतात. मागचे दात टायरच्या बाजूनं घासून चकचकीत झालेत, बाहेरची बाजू मळकी. पुढचे दात (कव्हरच्या फटीतून आरसा घालून पाहिले) बरोबर उलट: बाहेरून चकचकीत, आतून मळके. चेन सरळ चालत असती तर दोन्ही बाजूंना सारखीच झीज दिसली असती. मागच्या स्प्रॉकेटवर चेन बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि पुढच्यावर आतल्या. याचा अर्थ मागचं स्प्रॉकेट पुढच्याच्या रेषेत नाही. ते टायरकडे, आत सरकलेलं आहे.

पण चेन अ‍ॅडजस्टरच्या (चाकाचा आस, म्हणजे एक्सल, मागे सरकवून चेन ताणायचे स्क्रू) खुणा दोन्हीकडे सारख्याच घरात आहेत! त्यांच्यावर विश्वास ठेवला असता तर इथेच थांबलो असतो. म्हणून चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टीनं मोजलं. फरक नाही. एक्सल तिरपा नाही. मग सरकलं काय?

चिमट्याच्या बुशांवरही (चिमटा ज्यांवर हलतो त्या बोल्टभोवतीच्या नळ्या) संशय होता. चाक धरून आडवं जोर लावून हलवलं, आबांनी बोल्टपाशी बोट ठेवलं. काही हलत नाही. पण त्याच वेळी फक्त स्प्रॉकेट हातात धरून हलवलं तर ते चाकापासून वेगळं डोलतं. कपलिंगच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे.

उद्यापासून एसटीनं जाणार. १.३ मिलिमीटरवर घाटपायथ्याचा रस्ता नको.

२८ जुलै, रविवार

चाक काढण्याआधी दोरी लावली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत ताणल्या, हँडल सरळ. गवंडी भिंतीला लावतात तशीच पद्धत. पुढचं टायर अरुंद असल्यानं दोन्हीकडे फट राहते, ती सारखी हवी. डावीकडे ७ मिलिमीटर, उजवीकडे १३. दोऱ्या पुढच्या टायरला समांतर, म्हणजे चाक तिरपं नाही. पण ते आख्खंच्या आख्खं ३ मिलिमीटर उजवीकडे बसलंय. चेन डावीकडे असते. दातांवरच्या खुणा जे सांगत होत्या तेच दोरीनं सांगितलं.

आख्खं चाक सरकायला एकच जागा उरते: एक्सलवरच्या कॉलर. चाकाच्या दोन्ही बाजूंना एक्सलवर नळीसारख्या दोन कॉलर असतात, आणि माझ्या गाडीच्या दोन्ही सारख्या नाहीत. एक १९ मिलिमीटर, दुसरी १६. वेगळ्या बघितल्याशिवाय हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, दोन्ही काळ्या आणि ग्रीसनं माखलेल्या.

मे महिन्यात टायर बदलताना हे चाक मीच उघडलं होतं, इथेच, याच पडवीत. फोनमधले फोटो मागे नेले. टायर काढण्याआधी हवेचा वॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे ते कळावं म्हणून एक फोटो घेतला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात उजवीकडची कॉलर स्पष्ट दिसते. फोटोतल्या एक्सलच्या नटाशी तुलना केली तर ती लांब कॉलर आहे की आखूड यात शंका राहत नाही: लांब. मी बसवताना उजवीकडे आखूड घातली आणि डावीकडे लांब. चाक तीन मिलिमीटर उजवीकडे गेलं, स्प्रॉकेट त्याच्यासोबत आत गेलं. काहीही अडलं नाही, एक्सल सहज गेला, ब्रेक लागला, गाडी चालली. म्हणूनच दोन महिने कळलं नाही.

मग खुणांच्या वयाचा हिशोब करून पाहिला, कारण आता तो करता येत होता. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट यांच्या केंद्रांमध्ये ५७-५८ सेंटिमीटर अंतर आहे. मागे ३ मिलिमीटर सरकलं, तर पुढच्या स्प्रॉकेटपासून १२ सेंटिमीटरवर असलेल्या स्लायडरजवळ चेन फक्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास सरकायला हवी. स्लायडर काढून उन्हात धरलं (ऊन कसलं, ढगातून आलेला उजेड). खाचेत खरंच दोन पायऱ्या आहेत. एक रुंद, मळकट, तळाशी जुनी माती रुतलेली; ती वर्षानुवर्षांची. तिच्या आतल्या कडेला एक अरुंद, ताजी, काळी चकचकीत पायरी, अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद. कव्हरवरची रेघ मागे असल्यानं तिथे जवळजवळ पूर्ण तीन मिलिमीटरचा परिणाम, त्यात स्प्रॉकेटचा दीडचा डोल. तिथे फट मुळातच कमी होती, ती संपली. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले तेव्हा मी आबांना हाक मारून तो रबराचा तुकडा दाखवला. आज मला खरंच आनंद झाला.

म्हणजे स्लायडरची झीज माझ्या चुकीनं झालेली नाही, ती ६१ हजार किलोमीटरची आहे; हे रबर कधी बदललंच नव्हतं. माझ्या चुकीनं कव्हर आणि दात खाल्ले.

आता कपलिंग. स्प्रॉकेट ज्या तबकडीवर बसतं ती चाकाला थेट जोडलेली नसते, मध्ये रबराचे ठोकळे असतात, धक्का गिळण्यासाठी. चार जोड्यांपैकी एकीचा रबर फाटून अर्धा उडालाय. त्यामुळे तबकडी एका बाजूला कलते आणि दर फेरीला डोलते. बेअरिंगवरचा नंबर ६२०३ (आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिलिमीटर). बोटावर फिरवलं तर खरखर, आणि बाहेर आलं ते गंजाचं तांबडं पाणी. सीलचा ओठ कडक होऊन फाटलेला. जोराच्या पाण्याच्या पंपानं चाकाचा मध्य धुण्याची सवय हे याचं कारण असणार. ती आजपासून बंद.

नवं बेअरिंग आणि रबरांचा संच आणला. बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी तबकडी उकळत्या पाण्यात बुडवून पुसली. अ‍ॅल्युमिनियम फुगतं, पोलाद आकसतं. बेअरिंग जवळजवळ हातानंच बसलं. शेवटचे दोन ठोके जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून दिले, म्हणजे मार बाहेरच्याच रिंगवर जातो. आतल्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग बसवतानाच जुनं होतं. तबकडीतली आतली नळी जागेवर आहे ना हे दोनदा पाहिलं. ती विसरली तर एक्सल आवळताना बेअरिंग आडवं दाबलं जातं.

कॉलर आपापल्या जागी. लांब कॉलरवर एक आणि आखूडवर दोन अशा कानसेनं बारीक खाचा केल्या, चिमट्याच्या आतल्या बाजूलाही तशाच. पुन्हा दोरी: डावीकडे १०, उजवीकडे १०. तारेचं टोक: डोल अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

४ ऑगस्ट, रविवार

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडलं. ८ नंबरचे तीन बोल्ट, त्यातला एक गंजलेला, अर्धा तास त्याच्यात गेला. आत चेनला लावलेलं तेल आणि लाल माती यांचा घट्ट गोळा, विटेसारखा. चेन जिथून जाते तिथे त्यात गुळगुळीत बोगदा झालाय. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढला, वाटीभर निघाला.

आणि या गोळ्याखाली न्यूट्रल दिव्याचं उत्तर. न्यूट्रल स्विचची वायर ज्या खोबणीतून वर जाते तिथली पट्टी निखळली होती, गोळ्यानं वायर चेनकडे ढकलली गेली आणि चेननं तिचं आवरण सोललं. तांब्याच्या तारा उघड्या. इंजिनच्या धातूला टेकल्या की दिवा लागतो, सुटल्या की जातो. गाडी गिअरमध्ये असताना हिरवा दिवा लागू शकतो, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. सिग्नलला त्यावर भरवसा ठेवून क्लच सोडला असता तर? वायर कापून नवा तुकडा जोडला, त्यावर उष्णतेनं आकसणारी नळी चढवली, पट्टी परत बसवली.

नवखा माणूस घाबरेल अशी एक गोष्ट: पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर मिलिमीटरभर आत-बाहेर हलतं. माझ्या गाडीत ते दोन बोल्टच्या पत्तीनं अडकवलेलं आहे आणि या रचनेत तेवढा खेळ ठेवलेलाच असतो. चेन आपली रेषा त्यातून शोधते. तो दोष नाही. नटानं आवळलेलं स्प्रॉकेट असं हललं तर मात्र दोष. गिअर शाफ्टचं सील कोरडं आहे, तेलाचा पाझर नाही.

११ ऑगस्ट, रविवार. मीटर ६१,५९०

चेन मोजली. ४२८ मधला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर: एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर. वीस कड्या ताणून धरल्या तर नव्या चेनची लांबी २५४ भरते. माझी तीन जागी मोजली: २५६.४, २५६.९, २५७.८. सर्वात वाईट जागी दीड टक्का वाढ. मी २ टक्क्यांची मर्यादा धरतो, म्हणजे २५९. चेन अजून मर्यादेत आहे, पण दात एका बाजूनं खाल्लेले आणि कड्या कुरकुरतात, तेव्हा संच बदलायचाच आहे.

तरी आज बदलला नाही. नवी चेन टाकली की आवाज जाणारच, मग कॉलरनं गेला की चेननं हे कधीच कळणार नाही. आधी कारण काढलंय याची खात्री जुन्या चेनवर करायची. नवं स्लायडर मात्र लावलं, ते थांबण्यासारखं नव्हतं.

खात्रीसाठी बहिणीची लाल नखपॉलिश मागून घेतली. चेन जिथे-जिथे लागू शकते तिथे पातळ हात दिला: स्लायडरच्या दोन्ही कडा, चेन कव्हरची आतली भिंत, साडी गार्डची खालची पट्टी, डबल स्टँडचा डावा पाय, साइड स्टँडची स्प्रिंग. रंग गेला तर चेन लागली, राहिला तर नाही. साडी गार्ड वाकलाय असं वाटून तो काढून टाकण्याचा सल्ला दोघांनी दिला होता. काढणार नाही. मागे बसणाऱ्या माणसाचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं मागचं चाक झाकणारी वस्तू गाडीला असावी, असा मोटार वाहन नियमच आहे. आणि नियम नसता तरी आईची साडी आणि उघडं चाक यांच्यामध्ये मला ती जाळी हवी आहे.

ढील कुठे मोजायची यावरही आज वेळ घालवला. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल हे तिघे एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वात जास्त होतं, म्हणजे चेन तिथे सर्वात ताठ. डबल स्टँडवर चिमटा खाली लोंबलेला असतो, तेव्हा दिसणारी ढील फसवी. भाऊ आणि मी दोघे गाडीवर बसलो, आबांनी बोटानं चेन उचलून पाहिली. सर्वात ताठ कडीशीही बोटभर ढील राहिली पाहिजे. ती नसेल तर खड्ड्यात चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि मागच्या बेअरिंगला ओढते. “घट्ट चेन चांगली” असं मानून मी पूर्वी किती बेअरिंगं घालवली असतील कोण जाणे. स्टँडवर २८ ठेवली, पुस्तिकेच्या मर्यादेत, सैल बाजूकडे.

१५ ऑगस्ट, गुरुवार. मीटर ६१,७४२

झेंडावंदन करून बायकोला मागे बसवून कुंभार्ली घाटात वरपर्यंत जाऊन आलो. धुकं इतकं की पुढची वळणं हॉर्न वाजवत घेतली. उतरताना मुद्दाम दुसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी येऊ दिली. खर्रखर्र पूर्ण गेली. पण खड्ड्यातला तो टक आवाज आहे, आणि दोघे बसलो की जास्तच.

घरी आल्यावर नखपॉलिश पाहिली. चेन कव्हर: जशीच्या तशी. स्लायडरच्या कडा: जशाच्या तशा. साडी गार्ड, साइड स्टँडची स्प्रिंग: काही नाही. डबल स्टँडचा डावा पाय: रंग गेलाय, खाली लोखंड चमकतंय, आणि त्याखाली जुन्या खुणाही आहेत. २१ जुलैला ही जागा मी पाहिलीच नव्हती. गाडी स्टँडवर उभी होती, स्टँड खाली होता आणि त्याचा तो भाग चेनपासून लांब!

१८ ऑगस्ट, रविवार

स्टँड वर दुमडला की तो एका रबरी ठोकळ्यावर टेकतो. माझ्या गाडीत तो ठोकळाच नाही, नुसता त्याचा खिळा उरलाय. त्यामुळे स्टँड दोन बोटं जास्त वर जातो. अ‍ॅक्सिलरेटर दिलेला असताना चेनची खालची बाजू सैल असते. त्यात दोघांचं वजन आणि खड्डा, की चिमटा वर जातो, चेन झोका घेते आणि स्टँडच्या पायाला लागते. दोन आवाज, दोन कारणं. १४ जुलैचा अंदाज खरा होता.

ठोकळा वीस रुपयांना मिळाला. बसवून स्टँड वर केला आणि चेनपासूनची फट मोजली: पूर्वी ६ मिलिमीटर, आता २३. स्टँडच्या पायावर चेननं खाल्लेला खड्डा दीड मिलिमीटर खोल आहे. नळी जाड आहे, चालेल. गंज लागू नये म्हणून प्रायमर मारला आणि वर पुन्हा नखपॉलिश.

१ सप्टेंबर, रविवार. मीटर ६२,११०

नवा चेन संच. पुढचं, मागचं आणि चेन तिन्ही एकदम. जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर ते दात तिला थोड्याच दिवसांत आपल्यासारखी करतात. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेवलं, म्हणजे काही लागलं तर क्लिप उघड्या तोंडाकडून निघून जाणार नाही. दोरी पुन्हा लावली: १०-१०. वीस कड्या: २५४.१.

जुनी चेन डिझेलमध्ये धुऊन बाजूला ठेवली आहे. तिच्या आतल्या पट्ट्या एका बाजूनं आरशासारख्या झाल्यात. कोणी गाडीचं काम शिकायला आलं तर दाखवायला.

तेल ९० नंबरचं, रात्री लावायचं, सकाळी जास्तीचं पुसायचं. आमच्याकडच्या पावसात दर तीनशे किलोमीटरला. ओली माती बसली असेल तर त्यावर तेल ओतायचं नाही, आधी डिझेल आणि ब्रशनं काढायची. नाहीतर तेल ती माती रोलरच्या आत घेऊन जातं.

५ सप्टेंबर, गुरुवार. मीटर ६२,२८७

परवा गणपती. मखराचं सामान आणायला भावाला मागे बसवून दोन फेऱ्या झाल्या, गाडी पूर्ण भरलेली. नखपॉलिश पाचही जागी शाबूत. न्यूट्रल दिवा स्थिर. डोल मोजला, अर्ध्याच्या आत.

बाकी राहिलेलं: चिमट्याचे बुश पाऊस संपल्यावर उघडून ग्रीस करायचे. मागच्या ब्रेकचा पाटा मे ते जुलै तीन मिलिमीटर बाहेर चालला होता, त्याचे लायनर त्याच वेळी पाहायचे. आणि कॉलरचा तो फोटो छापून पडवीतल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.